दोन निळे, दोन बिअर : शनिवार संध्याकाळची तयारी

सगळ्यात आधी घर रिकामं हवं. ते माझ्या हातात नसतं, पण मार्चच्या सुरुवातीला योग आपोआप जुळतो. मराठी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमाच्या तालमी सुरू झालेल्या असतात आणि शनिवारी पाच वाजता बायको लेझीम घेऊन मैत्रिणीकडे निघते. ती परत यायला दहा तरी वाजतात. त्याच सुमाराला, बहुतेक वर्षी त्याच शनिवारी, ड्यूक आणि कॅरोलिना या दोन विद्यापीठांची बास्केटबॉलची हंगामातली दुसरी मॅच असते.

आम्ही राहतो नॉर्थ कॅरोलिनातल्या केरीत. ड्यूकचं डरहॅम आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचं चॅपेल हिल ही गावं एकमेकांपासून जेमतेम दहा मैलांवर, म्हणजे भांडण अगदी बांधाला बांध लागून असल्यासारखं. दोघांचा रंग निळा. ड्यूकचा गडद, कॅरोलिनाचा आकाशी. आमची लेक आकाशी निळ्यांकडे शिकते, तेव्हा घरातली निष्ठा फीबरोबरच भरून झाली आहे. ती स्टेडियममध्ये, आई तालमीला, मी सोफ्यावर. कुणी येणार असेल तर त्याला आजच, प्रेमाने, उद्याचं बोलवावं. ही संध्याकाळ गप्पांची नाही.

बिअर शुक्रवारीच आणून ठेवावी. इथे वाण्याच्या दुकानात बिअर आणि वाइन मिळते, कडक दारू मात्र फक्त सरकारी देखरेखीखालच्या दुकानात. मॅच रविवारी असेल तर आणखी जपावं. रविवारी सकाळी १० पर्यंत, आणि काही गावांत तर दुपारी १२ पर्यंत, काउंटरवरची मुलगी हसतमुखाने बिअर बाजूला काढून ठेवते आणि बाकीचं बिल करते. आता कुठली घ्यायची? मी तरी साधी लागर घेतो. अ‍ॅशव्हिलकडच्या ब्रुअऱ्यांच्या आयपीए जातीच्या कडू बिअर चांगल्या असतात, पण भडंगाच्या लसणापुढे तो कडूपणा जिभेवर भांडत बसतो. ज्याची त्याची आवड.

किती, हा हिशेब आधी करावा, नंतर होत नाही. इथला कॅन किंवा छोटी बाटली ३५५ मिलिलिटरची. दोन मिळून ७१०, म्हणजे आपल्याकडच्या ६५० च्या एका मोठ्या बाटलीपेक्षा घोटभर जास्त. माझी मर्यादा दोनच. त्याचं कारण तब्येत नाही, कारण पुढे येईल. दोन्ही सकाळपासून फ्रीजमध्ये मागच्या बाजूला आडव्या नाही, उभ्या ठेवाव्यात. ऐनवेळी फ्रीझरमध्ये टाकणं म्हणजे स्वतःच्या स्मरणशक्तीवर नको इतका विश्वास. मी एकदा विसरलो होतो. कॅन फुटला आणि मटारांच्या पिशव्यांवर बिअरचा बर्फ बसला. पुढच्या उसळीची चव बायकोला अजून आठवते.

ग्लास साबणाने धुतला असेल तर दोन-तीनदा नुसत्या पाण्याने विसळून पालथा घालावा. साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला की फेस टिकत नाही, आणि फेस नसलेली बिअर दिसायला कशी असते ते सांगायला नको. पुसायला स्वयंपाकघरातलं फडकं तर अजिबात वापरू नये.

बाटली असेल तर ओपनर टीपॉयवर आधीच. हा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण माझ्यासाठी तो २ एप्रिल २०२२ चा आहे. त्या दिवशी शनिवार आणि गुढीपाडवा. दुपारी श्रीखंड-पुरी झालेली. रात्री न्यू ऑर्लिन्समध्ये हे दोन निळे राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत आयुष्यात पहिल्यांदा समोरासमोर, उपांत्य फेरीत. ड्यूकचे प्रशिक्षक माइक शशेव्हस्की, १९८० पासून तिथे ठाण मांडून बसलेले, त्या मोसमानंतर निवृत्त होणार होते. म्हणजे हरले तर तीच शेवटची मॅच. सणासुदीला बिअर काढल्याबद्दल एक कटाक्ष झेलून झाला होता, आणि दुसरी बाटली उघडायला ओपनर सापडेना. मी खणात चमचे-सराटे उपसत असताना शेवटच्या अर्ध्या मिनिटात केलेब लव्हने लांबून तीन गुणांचा चेंडू टाकला. कॅरोलिना ८१, ड्यूक ७७. मी तो क्षण रिप्लेमध्ये पाहिला, हातात झारा.

चखणा दुपारीच. आमच्याकडे भडंग. चुरमुरे मॉरिसव्हिलच्या भारतीय दुकानातून येतात आणि पिशवीतच थोडे मऊ पडलेले असतात, म्हणून ते मंद आचेवर मोठ्या कढईत, हात न थांबवता, शेकून घ्यायचे. बोटांत चुरला की आवाज आला पाहिजे. मग तेलात शेंगदाणे तळून काढायचे. नॉर्थ कॅरोलिनाच्या पूर्व भागात भुईमूग भरपूर पिकतो, दाणे टपोरे असतात. आपल्या घुंगरू दाण्याची गोडी नाही, पण ऐट आहे. त्याच तेलात सालासकट ठेचलेला लसूण, तो कडेने तांबूस व्हायला लागला की कढीपत्ता, गॅस बंद, आणि मगच लाल तिखट, हळद, मीठ, पिठीसाखर. गॅस चालू असताना तिखट टाकलं तर ते जळतं, आणि घरात ठसका लागून स्मोक अलार्मही वाजतो. स्वानुभव. सगळं चुरमुऱ्यांना चोळून गार झाल्यावरच डब्यात भरावं. कांदा-कोथिंबीर आधी घालू नये, पाच मिनिटांत गिळगिळीत होतं. कांदा वेगळ्या वाटीत, लिंबाची फोड शेजारी. खायला चमचा. तिखटाच्या बोटांनी रिमोट धरला की दुसऱ्या दिवशी आवाजाचं बटण चिकटतं, आणि कुणी चिकटवलं याचा तपास होतो.

टीव्हीकडे अर्धा तास आधी वळावं. हल्ली मॅच ज्या अ‍ॅपवर असते ते नेमकं त्याच दिवशी पासवर्ड विचारतं, आणि पासवर्ड लेकीला माहीत असतो, जी स्टेडियममध्ये ओरडत असते. तो शुक्रवारीच कागदावर लिहून घ्यायचा. दुसरं, इंटरनेटवरचं चित्र प्रत्यक्षापेक्षा काही सेकंद, कधी अर्धा मिनिट मागे असतं. माझ्या टीव्हीवर पोरगा अजून फ्री थ्रोसाठी, म्हणजे फाउलबद्दल मिळालेल्या मोकळ्या फेकीसाठी, चेंडू आपटतोय आणि फोनवर लेकीचं ‘गेला!!!’ येऊन पडलेलं. तेव्हा फोन पालथा ठेवायचा. बंद करायचा नाही, तेही पुढे येईल.

खेळाची फार तयारी लागत नाही. वीस-वीस मिनिटांचे दोन भाग, बास्केटवर चेंडू मारायला दर वेळी ३० सेकंद, पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. संघाचे एका भागात सात फाउल झाले की समोरच्याला बोनस : पहिला फ्री थ्रो बास्केटमध्ये गेला तरच दुसरा मिळतो. दहाव्या फाउलपासून सरळ दोन. फाउलचा आकडा स्कोअरच्या पट्टीत बारीक अक्षरात असतो, चष्मा घ्यावा.

खरी तयारी वेळापत्रकाची, आणि ते कॉलेज बास्केटबॉलने स्वतःच आखून दिलंय. प्रत्येक भागात घड्याळात १६, १२, ८ आणि ४ मिनिटं उरली, की त्यानंतर खेळ पहिल्यांदा थांबेल तेव्हा जाहिराती. म्हणजे उठण्याच्या हक्काच्या आठ संधी. मी पहिली बिअर खेळ सुरू होताना ओततो. ती मध्यंतरापर्यंत पुरवायची. दुसरी उत्तरार्धातल्या १२ च्या जाहिरातीत, त्याआधी नाही. कांदा चिरणं, बाथरूम, वाटी पुन्हा भरणं, सगळं ८ च्या जाहिरातीत. ४ नंतर जागेवरून उठायचं नाही. शेवटची दोन मिनिटं चांगली पंधरा-वीस मिनिटं चालतात, कारण मागे पडलेला संघ घड्याळ थांबवायला मुद्दाम फाउल करत राहतो. नवख्या माणसाला याचा कंटाळा येतो. मला तेवढ्यासाठीच बसायचं असतं.

मध्यंतर पंधरा मिनिटांचं, आणि ते आईचं. मॅच साडेसहाला सुरू झाली तर मध्यंतर सव्वासातनंतर, म्हणजे साताऱ्यात रविवारची पावणेसहाची वेळ. आई उठून चहा टाकलेली असते. हा फोन मी केला नाही तर ती ऐन उत्तरार्धात करते, म्हणून यादीत त्याला वरचं स्थान.

‘काय करतोयस?’

‘मॅच बघतोय. लेकीच्या कॉलेजची.’

‘त्या निळ्यांची ना? जिंकतायत का निळे?’

‘आई, दोन्ही निळेच आहेत.’

‘मग झालं तर,’ म्हणून ती शेजारच्या लग्नाकडे वळते. ग्लास फोनच्या कॅमेऱ्यात येणार नाही असा ठेवावा. पन्नाशी उलटली तरी.

आता दोनच बिअरचं कारण. मॅच चॅपेल हिलला असो की डरहॅमला, कॅरोलिना जिंकली की सगळी पोरं धावत फ्रँकलिन स्ट्रीटवर येतात. हजारोंची गर्दी होते, शेकोट्या पेटतात, पोलीस रस्ता गाड्यांना बंद करतात. आणि मग फोन : ‘बाबा, येतोस का न्यायला?’ इथे गाडी चालवताना रक्तातल्या दारूची मर्यादा ०.०८ टक्के आहे, पण मी त्या आकड्याशी खेळत नाही. दुसरी बिअर उघडण्याआधी तिला निरोप पाठवतो : आज न्यायला यायचंय का? ‘हो’ आलं तर दुसरी बाटली फ्रीजमध्येच राहते आणि उत्तरार्धाला ताक. कुठे उभं राहायचं हेही आधीच ठरवून ठेवावं, गर्दीत फोन लागत नाहीत. गाडीची किल्ली आणि जाकीट दाराशी.

त्या रात्री अनेकदा उन्हाळी वेळेसाठी घड्याळं तासभर पुढे करायची असतात. मार्चचा दुसरा रविवार. फोन आपोआप बदलतो, ओव्हनचं घड्याळ हाताने बदलावं लागतं.

आणि भडंग केल्या केल्या एक पिशवी बांधून बाजूला ठेवायची. लेकीच्या रूममेटला हवं असतं. ती मुलगी ओहायोची, नाकातून पाणी येईपर्यंत खाते. मॅच संपेपर्यंत थांबलं तर डब्याच्या तळाशी तिखट-मीठ आणि लसणाची चार सालं तेवढी उरतात.