उसाच्या चिपाडापासून बुरशीची फळी

कोल्हापूर परिसरातील गुऱ्हाळांवर चिपाड बहुतेक चुलवाणातच जाते; त्यातील थोडे बाजूला ठेवले, तर धिंगरी अळिंबीच्या (ऑयस्टर मशरूम या खाद्य बुरशीच्या) तंतूंनी बांधलेली, हलकी आणि आवाज शोषणारी फळी घरी तयार करता येते.

चिपाडाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून ते दोन-तीन पाण्यांत धुवावेत, कारण उरलेल्या साखरेवर हिरवी बुरशी प्रथम ताबा मिळवते. मग ते सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात दीड-दोन तास ठेवून निथळावेत. मूठ घट्ट दाबल्यावर जेमतेम एक-दोन थेंब पडावेत, इतकाच ओलावा हवा. माझ्या मते निम्मे यश येथेच ठरते. पूर्ण गार झाल्यावर, स्वच्छ हातांनी, दहा किलो ओल्या चिपाडाला पाऊण ते एक किलो धिंगरीचे बियाणे (धान्यावर वाढवलेले तिचे तंतू) मिसळून साच्यात दाबून भरावे आणि छिद्रे पाडलेल्या प्लास्टिकने झाकावे.

सुमारे २५ अंशांवर, अंधारात, दोन आठवड्यांत साचा पांढराशुभ्र होतो. अळिंबीचे कोंब फुटण्यापूर्वीच फळी काढून उन्हात सुकवावी व नंतर ७० ते ८० अंशांच्या भट्टीत काही तास ठेवावी, म्हणजे बुरशी मरते.

न्यूयॉर्कमध्ये २०१४ साली मक्याची धाटे व बुरशीतंतू यांच्या विटांचा मनोरा उभारला गेला होता, तोही तात्पुरताच. ही फळी पाणी शोषते, त्यामुळे कोल्हापूरच्या पावसात ती बाहेरच्या भिंतीला मुळीच लावू नये. आतील छत किंवा दुभाजक हीच तिची जागा.