आवाज बंद करायचा नसतो: टॅपेट आणि टायमिंग चेन शिकताना

आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक व्हेईकलची दोन वर्षं पूर्ण करून मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका गॅरेजला लागलो. पहिले सहा महिने हातात फक्त रॉकेलचं डबडं आणि ब्रश. पार्ट धुवायचे, पुसायचे, काढले त्या क्रमानं कागदावर मांडायचे. मिस्त्रींनी पहिल्यांदा मला एकट्याला दिलेलं काम म्हणजे एका ॲम्बेसेडरचे टॅपेट सेट करणं, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांडीवरची बारीक फट मापात आणणं. मार्क फोर, १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन. मालक निवृत्त मुख्याध्यापक, सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. त्यांची तक्रार एकच होती, "टकटक फार येते हो, तेवढी बंद करा."

मी ती बंद केली. दीड महिन्यात गाडीचा एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळका वायू बाहेर सोडणारी झडप) जळाला.

या धंद्यात नव्यानं येणाऱ्या पोरांना मी आधी हेच सांगतो, कारण ही चूक करताना आपण चूक करतोय असं अजिबात वाटत नाही. उलट काम छान झालं असं वाटतं. गिऱ्हाईक खूश, आपण खूश, इंजिन गप्प.

फट कशासाठी असते ते आधी नीट समजून घ्या. ॲम्बेसेडरच्या इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे कॅम नावाचे उंचवटे असलेली फिरती दांडी, खाली ब्लॉकमध्ये असते. कॅम टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड हेडवरच्या (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग) रॉकरचं एक टोक वर ढकलतो आणि रॉकरचं दुसरं टोक व्हॉल्व्हची दांडी खाली दाबतं. इंजिन तापलं की दांडी लांबते, त्यातही एक्झॉस्टची जास्त. म्हणून रॉकर आणि दांडी यांच्यात गार असताना थोडी फट सोडतात. ती जास्त झाली तर टकटक होते, व्हॉल्व्ह जरा उशिरा उघडतो आणि लवकर मिटतो, ओढ थोडी कमी पडते, पण गाडी चालते. फट उरलीच नाही तर मात्र व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे हेडमधल्या त्याच्या बैठकीवर, पुरता बसत नाही. आणि व्हॉल्व्ह आपली उष्णता मुख्यतः सीटवर टेकलेला असतानाच हेडला देत असतो. टेकलाच नाही तर ती उष्णता त्याच्यातच साठते, शिवाय पेटलेला वायू त्या बारीक फटीतून झोत मारत बाहेर पडतो आणि कड खाऊन टाकतो. या सगळ्याचा वरून काहीही आवाज येत नाही. गाडी एका सिलिंडरनं मिस मारायला लागते तेव्हा कळतं, आणि तोवर हेड उतरवण्यावाचून उपाय राहिलेला नसतो.

गुरुजींच्या गाडीचं मी माप घेतलं नव्हतं असं नाही. फिलर गेजचं (फट मोजायच्या पात्यांचा जुडगा) पंधराचं पातं, म्हणजे ०.०१५ इंच, मिलिमीटरमध्ये साधारण ०.३८, आठही ठिकाणी बरोबर बसत होतं. तरी टकटक होतीच. मग मी कानावर भरवसा ठेवला आणि आवाज जाईपर्यंत स्क्रू थोडा थोडा पिळत गेलो.

हेड उतरवल्यावर पाचव्या नंबरचा व्हॉल्व्ह मिस्त्रींनी माझ्या तळहातावर ठेवला. कडेला बोटाच्या नखाएवढा तुकडा गायब, भाकरीची कड मोडून घ्यावी तसा. ते रागावले नाहीत. त्याच जागेचा रॉकर उचलला आणि म्हणाले, "नख फिरव ह्याच्यावर." व्हॉल्व्हच्या दांडीवर आपटून आपटून रॉकरच्या तोंडाला उथळ खळगा पडला होता. नख त्यात उतरलं आणि पलीकडच्या काठाला अडलं. तेव्हा उमगलं. पातं सपाट आणि रुंद, ते खळग्याच्या दोन काठांवर पूल टाकल्यासारखं बसत होतं. दांडी मात्र खळग्याच्या तळाशी टेकत होती. पातं पंधरा सांगायचं, खरी फट त्याहून जास्त. आवाज खरा होता, पण त्याचं औषध स्क्रूमध्ये नव्हतं, रॉकरमध्ये होतं.

"आवाज गेला म्हंजे काम झालं असं कुणी सांगितलं तुला?" एवढंच ते म्हणाले. रॉकरची तोंडं घासून घेतली, झिजलेली रॉकर शाफ्ट आणि बुश बदलले, सीट कापून नवा व्हॉल्व्ह घासून बसवला. गुरुजींकडून त्यांनी मजुरी घेतली नाही, आणि नवं सेटिंग मला त्यांच्यासमोरच करायला लावलं. गाडी सुरू झाल्यावर गुरुजी बॉनेटवर वाकून ऐकत म्हणाले, "अजून थोडा येतोय की." मी सांगितलं, "एवढा राहायलाच पाहिजे, गुरुजी." ते वाक्य म्हणताना मला पहिल्यांदा मेकॅनिक झाल्यासारखं वाटलं.

आता पद्धत. इंजिन पूर्ण गार हवं. चारही प्लग काढा, म्हणजे कॉम्प्रेशन राहत नाही आणि हँडलनं इंजिन एका हातानं फिरतं. रॉकर कव्हर दोन नटांवर असतं. पुढून, म्हणजे रेडिएटरकडून, एक ते आठ नंबर मोजा. १, ४, ५, ८ एक्झॉस्ट आणि २, ३, ६, ७ इनलेट. चार आणि पाच हे दोन एक्झॉस्ट शेजारी शेजारी आहेत हे ध्यानात ठेवा, तिथं उष्णता दाटते. तिथं फट कमी ठेवण्याचा मोह कधीच करू नका.

एखादा व्हॉल्व्ह सेट करायचा तर त्याचा कॅम पूर्ण पाठमोरा हवा. ते ओळखण्यासाठी नवाची बेरीज आहे. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल तर पहिला सेट करा, सहावा दाबलेला असेल तर तिसरा, चौथा असेल तर पाचवा, सातवा असेल तर दुसरा. दाबलेला आणि सेट करायचा, दोघांची बेरीज नेहमी नऊ. पुढे तेच उलट: पहिला दाबलेला तर आठवा, तिसरा तर सहावा, पाचवा तर चौथा, दुसरा तर सातवा. या क्रमानं गेलात तर हँडलच्या दोन फेऱ्यांत आठही होतात. ही बेरीज या इंजिनाची आहे. दुसरं इंजिन समोर आलं तर त्याचा फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) आणि व्हॉल्व्हची मांडणी बघून क्रम नव्यानं काढावा लागतो.

लॉक नट पान्यानं ढिला करा, स्क्रू स्क्रूड्रायव्हरनं धरा, पातं मधे घाला. पातं ओढताना जाणवायला हवं, पण अडता कामा नये. ही जाणीव शब्दांत सांगता येत नाही, ती हातात बसवावी लागते. मिस्त्री मला रोज संध्याकाळी एका भंगार हेडवर बसवायचे. मी सेट करायचो, ते चौदाचं आणि सोळाचं पातं घालून बघायचे. चौदा सहज जायला हवं, सोळा जायला नको. महिनाभर हे केलं. घरी करून बघायचं असेल तर शंभर सीसीची कुठलीही जुनी फोर-स्ट्रोक बाईक घ्या, दोनच व्हॉल्व्ह असतात आणि स्क्रू-नट तसाच. माप मात्र त्या गाडीचं वापरा. आणि लॉक नट आवळताना स्क्रू किंचित फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा पातं घालून बघायचं. नवखा मुलगा हे हमखास विसरतो.

रॉकर शाफ्ट उतरवायची वेळ आली तर थांबा. या इंजिनात रॉकरच्या पेडेस्टलचे (शाफ्ट धरणाऱ्या पायांचे) चार नट हेडही धरून ठेवतात. सरळ पाना लावून ते चार ढिले केले तर हेड एका बाजूनं वाकतं आणि गॅस्केट जातं. आधी पाणी काढा, मग हेडचे सगळे नट क्रमानं थोडे थोडे ढिले करा.

टायमिंग चेनचं काम दोन वर्षांनी माझ्याकडे आलं. चेन कॅमशाफ्टला क्रँकबरोबर, म्हणजे पिस्टननं फिरणाऱ्या मुख्य शाफ्टबरोबर, बांधून ठेवते. क्रँकच्या दोन फेऱ्यांना कॅमची एक. चेन सैल झाली की पुढच्या कव्हरमधून खडखड येते, विशेषतः ॲक्सिलरेटर सोडताना. पण इथंही नुसत्या कानावर जाऊ नका. प्लग काढा, डिस्ट्रीब्युटरचं (प्लगांना ठिणगी वाटून देणारा) टोपण काढा आणि पुलीच्या नटाला पाना लावून क्रँक मागे-पुढे हलवा. हँडल इथं उपयोगाचं नाही, ते एकाच बाजूला पकडतं. क्रँक हलायला लागल्यापासून आतला रोटर हलेपर्यंत पुली किती फिरते ते बघा. डिस्ट्रीब्युटर कॅमशाफ्टवरून चालतो, म्हणून मधली ढिलाई इथं डोळ्यांना दिसते. ती बरीच असेल तर कव्हर उघडायचं.

रेडिएटर काढावा लागतो, त्याशिवाय हातच जात नाही. पुलीचा मोठा नट म्हणजे ज्याच्यात हँडल अडकतं तोच. त्याच्या लॉक वॉशरची दुमडलेली जीभ आधी छिन्नीनं सपाट करा, गाडी टॉप गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढा आणि पान्याच्या दांड्यावर हातोडीचा एकच जोरदार ठोका द्या. हळूहळू ओढत बसलात तर अख्खं इंजिन फिरतं आणि नट तसाच. कव्हरचे बोल्ट दोन मापांचे असतात. एका पुठ्ठ्यावर कव्हराचा आकार काढून भोकं पाडा आणि ज्या भोकातला बोल्ट तिथंच खोचा.

आतलं ऑइल थ्रोअर (तेल सीलपासून दूर फेकणारी चकती) कुठल्या बाजूनं बसलं होतं ते बघूनच काढा. उलटं बसलं तर पुढच्या सीलमधून तेल यायला लागतं. मग इंजिन हळूच फिरवून चेनच्या दोन्ही दातेरी चाकांवरचे ठिपके समोरासमोर आणा. इथून नवी चेन बसेपर्यंत क्रँक आणि कॅम दोन्हींना धक्का लागता कामा नये. चेन अखंड असते, त्यामुळे दोन्ही चाकं चेनसकट एकदमच निघतात आणि एकदमच बसतात. जुन्या चाकांचे दात एका बाजूला झुकलेले दिसले तर नुसती चेन बदलून पैसे वाचवू नका, नवी चेन त्या दातांवर लवकर झिजेल. मालकाला ती जुनी चाकं हातात देऊन दाखवा, तो समजतो. चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरच्या रबरावर दुहेरी चेननं पाडलेल्या दोन चऱ्या असतील तर तोही बदला. दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का ते सपाट पट्टी लावून तपासा, नसतील तर क्रँकच्या चाकामागचे शिम (पातळ चकत्या) कमी-जास्त करा.

बसवून झालं, टेन्शनर सोडला, की पुढची पाच मिनिटं कुणी कितीही घाई केली तरी स्वतःची समजा. हातानं इंजिन पूर्ण दोन फेऱ्या फिरवा. ठिपके पुन्हा समोरासमोर यायलाच हवेत. मधे कुठं अडलं तर जोर लावायचा नाही, थांबून शोधायचं. माझ्यासोबतच्या एका मुलानं ही फेरी न मारता एकदा सेल्फ मारला होता. चेन एक दात पुढे बसली होती. गाडी सुरू झाली, पण कार्ब्युरेटरमधून उलट्या भडकाऱ्या मारू लागली, आणि सगळं पुन्हा उघडण्यात पूर्ण दिवस गेला.

कव्हर लावताना बोल्ट आधी सैलच ठेवा, पुली आत सरकवा म्हणजे सील आपोआप मधोमध येतं, आणि मगच बोल्ट आवळा. रॉकर कव्हरच्या कॉर्क गॅस्केटला हलकं शेलॅक लावा आणि नट बेतानं आवळा, जास्त दाबलं की पत्रा वाकून तिथूनच तेल येतं.

नवी चेन बसल्यावर टॅपेट पुन्हा सेट करायचे आणि त्यानंतर इग्निशन टायमिंग. जुन्या सैल चेनमुळे कॅम मागे पडलेला असतो, आणि डिस्ट्रीब्युटरही त्याच्याबरोबर. कुणीतरी कधीतरी डिस्ट्रीब्युटर फिरवून ते भरून काढलेलं असतं. नव्या चेनवर तीच जागा ठेवली तर स्पार्क लवकर पडतो आणि चढाला इंजिन नॉक करतं.

एक वही ठेवा. गाडी, तारीख, किलोमीटर, आठही फटींचं सेट करण्याआधीचं माप. पुढच्या वेळी तोच एक व्हॉल्व्ह पुन्हा घट्ट झालेला दिसला तर समजायचं की तो सीटमध्ये रुतत चाललाय, आणि मालकाला हेडचं काम आत्ताच सांगून ठेवायचं. हजार किलोमीटरनंतर गाडी परत बोलवा. रात्रभर गॅरेजमध्येच राहू द्या. सकाळी बॉनेट उघडून हेडवर तळहात ठेवा, गार लागलं तरच पातं बाहेर काढा.