स्प्लेंडरची टायमिंग चेन घरी बदलायची असेल तर टायमिंग असं लावा

कार्ब्युरेटरवाली जुनी स्प्लेंडर, ते ९७.२ सीसीचं आडवं इंजिन, अजूनही प्रत्येक गावात सापडतं आणि त्याची टायमिंग चेन (इंजिनाच्या आत क्रँकवरून, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्यावरून, व्हॉल्व उघडणारा कॅम फिरवणारी चेन) वाजायला लागली की लोक दोनच गोष्टी करतात, एकतर वर्षभर तसाच आवाज काढत फिरवतात नाहीतर कुणीतरी सांगतं "आता इंजिन खोलायला लागेल" म्हणून गाडी विकायच्या गप्पा सुरू होतात. या इंजिनात चेन बदलायला हेड (व्हॉल्व असलेला टोकाचा भाग) उतरवावं लागत नाही, बोर (पिस्टन ज्यात सरकतो तो सिलिंडर) हलवावा लागत नाही, हाताशी नीट अवजारं असतील आणि घाई नसेल तर घरी होणारं काम आहे. फक्त टायमिंग लावायचा, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्वची चाल एकमेकांशी जुळवायचा, भाग डोकं शांत ठेवून करायचा, म्हणून त्याबद्दलच जास्त लिहितोय.

आधी खात्री करा की आवाज चेनचाच आहे. चेनचा म्हणून सांगितलेला आवाज बऱ्याचदा नुसत्या टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधल्या गॅपचा, निघतो. टॅपेट हेडमधून बारीक टिकटिक करतं, एका लयीत. चेन खरखर करते, डाव्या बाजूने, बोरच्या कडेने, आणि थंड इंजिन सुरू केल्यावर किंवा ॲक्सिलरेटर सोडल्यावर जास्त. लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या, टोक बोरच्या डाव्या अंगाला टेकवा, मूठ कानामागच्या हाडाला टेकवा, मग टोक टॅपेटच्या झाकणावर ठेवून परत ऐका, फरक लगेच कळतो. टॅपेट असेल तर सेट करा आणि विषय संपवा.

चेन "ताणली" म्हणतात तेव्हा लोखंड काही रबरासारखं लांबलेलं नसतं. प्रत्येक कडीची पिन आणि भोक थोडं थोडं झिजतं आणि ती सगळी झीज मिळून चेन ढिली होते. ऑइल वेळेवर न बदलण्याची किंमत इथे मोजावी लागते. ढिलाई काही काळ टेन्शनर, म्हणजे चेन दाबून ताठ ठेवणारा भाग, सांभाळून घेतो, पण त्याचा दांडा पूर्ण बाहेर आला की पुढे दाबायला काही उरत नाही आणि चेन आतून केसिंगला घासायला लागते.

सामान आणताना नुसती चेन आणू नका, पूर्ण कीट आणा. त्यात चेन, कॅमचं स्प्रॉकेट (दात्यांचं चाक), खालचं गाईड स्प्रॉकेट, टेन्शनरचा आर्म आणि रोलर हे सगळं हवं. जुन्या झिजलेल्या दात्यांवर नवी चेन चढवली की ती लवकरच जुन्यासारखी वाजते, माझ्या मते त्या वाचवलेल्या पैशाला काही अर्थ नाही. सोबत डाव्या कव्हरचं पॅकिंग, हेडच्या गोल झाकणाचं पॅकिंग, स्टेटर प्लेटची (मॅग्नेटमागच्या कॉइलच्या प्लेटची) ओ रिंग, ऑइल सील आणि नवं १०डब्ल्यू-३० ऑइल. अवजारांत गोटी पाने, हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पाती), आणि स्प्लेंडरचाच मॅग्नेट पुलर (मॅग्नेट म्हणजे क्रँकच्या टोकावरचं चुंबकांचं चाक). पुलर नसेल तर काम सुरूच करू नका. मॅग्नेटवर हातोडी मारून काढायची सवय फार वाईट आहे, आतली चुंबकं तडकतात आणि क्रँक तुकडे दाबून जोडलेली असल्यामुळे तिचं अलाइनमेंटही बिघडू शकतं.

गाडी मेन स्टँडवर घ्या, साईड स्टँडवर ती डावीकडे झुकते आणि आपल्याला डावीच बाजू उघडायची आहे. इंजिन थंड असू द्या. ऑइल काढा, प्लग काढा म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरेल, दोन्ही टॅपेटची झाकणं काढा. मग हेडच्या डाव्या बाजूचं गोल झाकण उघडा, त्याला धरणारा लांब बोल्ट उजव्या बाजूने येतो. आत कॅमचं स्प्रॉकेट दिसेल. गिअरचा लिव्हर काढून डावं मोठं कव्हरही उतरवा म्हणजे मॅग्नेट समोर येईल. कव्हरचे बोल्ट कमीजास्त लांबीचे असतात, पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्या जागचा बोल्ट त्या जागी खोचून ठेवा.

आता मुख्य गोष्ट. चेन काढायच्या आधीच इंजिन टायमिंगवर आणून ठेवायचं. मॅग्नेटच्या नटाला गोटी लावून किक मारल्यावर जसं फिरतं तसंच फिरवायचं, म्हणजे डाव्या बाजूने बघितलं तर घड्याळाच्या काट्याच्या उलट. मॅग्नेटवर इंग्रजी टी अक्षर आणि त्याला लागून एक रेघ आहे, ती रेघ केसिंगवरच्या खुणेसमोर आणा. वर कॅम स्प्रॉकेटवर ओ अशी गोल खूण आहे, ती हेडवरच्या खाचेसमोर आली पाहिजे. ओ जर बरोबर उलट्या बाजूला दिसला तर घाबरायचं काही नाही, कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो त्यामुळे टी दोनदा येतो तेव्हा ओ एकदा येतो, अजून एक पूर्ण फेरी फिरवा. ओ जुळल्यावर दोन्ही रॉकर बोटाने हलवून बघा, दोन्ही किंचित सैल असले पाहिजेत. टी, ओ आणि सैल रॉकर, या तिन्ही साक्षी एकाच वेळी जुळल्या तरच टायमिंग आहे असं धरा. या अवस्थेचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, वरचा आणि खालचा दोन्ही.

मग टेन्शनर सोडायचा. इंजिनच्या डाव्या बाजूला तळाशी जो बोल्ट आहे त्याच्या आत स्प्रिंग आणि दांडा असतो, बोल्ट हळू सोडा, हात खाली धरा, स्प्रिंग बाहेर येते. दांड्याच्या टोकाचं रबर दबून खड्डा पडला असेल तर दांडाही बदला. चेन ढिली झाली की मॅग्नेट एका हाताने घट्ट धरून कॅम स्प्रॉकेटचे बोल्ट सोडा, पण त्याआधी चेनच्या बोगद्यात स्वच्छ कापड कोंबा, तिथे बोल्ट पडला तर काढण्यात दिवस जातो. स्प्रॉकेट तिरकं करून चेनमधून सोडवून घ्या, मग कापड काढा. चेनला वर एक बारीक तार बांधा.

आता मॅग्नेट पुलरने काढा. क्रँकच्या खाचेतली छोटी चावी जपून काढून डबीत टाका. मॅग्नेटच्या मागे स्टेटर प्लेट, तिचे स्क्रू हट्टी असतात, साध्या स्क्रू ड्रायव्हरने डोकं खराब करण्यापेक्षा पहिल्याच फटक्याला इम्पॅक्ट वापरा. प्लेट निघाली की चेन पूर्ण दिसते. खालचं गाईड स्प्रॉकेट नुसतं चेनला वाट दाखवत नाही, त्याच्या स्पिंडलवरच ऑइल पंप फिरतो. म्हणून चेन खराब तर पंपही धोक्यात, आणि परत बसवताना स्पिंडलचं टोक पंपाच्या खाचेत नीट बसलंय हे बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. खाचेत बसलं नसेल तर हेडला ऑइल मिळणार नाही आणि कॅम जळेल.

जुनी चेन खालून ओढून घ्या, तार वरून खाली येईल, तिच्याच टोकाला नवी चेन अडकवून पायजम्यात नाडी ओवतात तशी वर ओढा. नवी चेन आधी ऑइलमध्ये भिजवून घेतलेली चांगली. आर्म, रोलर, गाईड स्प्रॉकेट नवीन बसवा. बोरमधला वरचा गाईड रोलर हेड उतरवलेलं असताना बदलणं सोपं, आत्ता नुसता बॅटरी मारून बघा, रबर फाटलं नसेल तर राहू द्या. स्टेटर प्लेट नव्या ओ रिंगसकट लावा, चावी खाचेत बसवा, मॅग्नेट चढवा आणि नट कसा. चावी अर्धी कापलेली किंवा तिरकी असेल तर टी ची खूण खोटी बोलते. हे सगळं होईपर्यंत वरची तार ताणून धरा नाहीतर चेन क्रँकच्या दात्यांवर गोळा होते.

परत टी जुळवा. पिस्टन वर आलाय का हे प्लगच्या भोकात स्ट्रॉ सोडून बघता येतं. इथे एक शंका सगळ्यांना येते, की चेन काढलेली असताना हा टी कॉम्प्रेशनचा (व्हॉल्व बंद असतानाचा) का एक्झॉस्टचा (धूर बाहेर टाकतानाचा). या गाडीत त्याचं टेन्शन घ्यायचं कारण नाही. चेन निघालेली असताना क्रँकला स्ट्रोक माहीत नसतो, तो कॅम ठरवतो, आणि या इंजिनात प्लग क्रँकच्या प्रत्येक फेरीला ठिणगी टाकतो. म्हणून टी समोर ठेवून कॅम स्प्रॉकेट ओ खाचेसमोर येईल असं चेनमध्ये घालायचं, कॅमचे उंचवटे रॉकरपासून लांब असले पाहिजेत, आणि बोल्ट लावायचे. घालताना चेनची जी बाजू टेन्शनरकडे नाही ती सरळ ताठ ठेवा, सगळी ढिलाई टेन्शनरच्या बाजूला जाऊ द्या. बरेच जण इथेच एक दात चुकतात, ढिल्या चेनवर ओ बरोबर दिसतो आणि टेन्शनर लावल्यावर खूण सरकते. स्प्रॉकेटला २८ दाते असतील तर एक दात म्हणजे कॅमला जवळपास १३ अंश आणि क्रँकला २६. एवढ्यात गाडी सुरू होईल कदाचित, पण ओढणार नाही, पेट्रोल खाईल, बॅकफायर देईल. जास्त दाते चुकले तर व्हॉल्व पिस्टनला लागू शकतो.

स्प्रॉकेटचे बोल्ट छोटे आहेत, साधारण १० न्यूटन मीटर पुरे, जोर लावून आटे मारू नका. टेन्शनरचा दांडा, स्प्रिंग ऑइल लावून बसवा आणि बोल्ट लावा. आता हाताने, किक न मारता, क्रँक पूर्ण दोन फेऱ्या फिरवा. कुठेही अडकल्यासारखं वाटलं तर तिथेच थांबा, जोर करायचा नाही, काहीतरी लागतंय. दोन फेऱ्यांनंतर टी आणि ओ परत एकाच वेळी जुळले पाहिजेत. नाही जुळले तर टेन्शनर सोडा, एक दात सरकवा, परत फिरवा. ही तपासणी झाल्याशिवाय कव्हर लावायचं नाही.

याच अवस्थेत टॅपेट सेट करून घ्या, दोन्ही रॉकर सैल आहेतच. गॅप तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला घ्या. फीलरचं पातं सरकताना थोडं ओढ लागल्यासारखं झालं पाहिजे, आणि लॉक नट कसल्यावर परत एकदा पातं घालून बघा कारण कसताना स्क्रू फिरतो.

पल्सरसारख्या उभ्या इंजिनच्या गाड्यांत टेन्शनर बोरच्या मागे असतो आणि स्प्रिंगने आपोआप पुढे सरकतो. त्याचे बोल्ट अर्धे सोडून परत कसायचे नाहीत, दांडा पुढे आलेला असतो आणि चेनवर जबरदस्तीचा ताण येतो. पूर्ण काढा, दांडा आत घ्या, मग बसवा. बेल्टवाल्या गाड्या, उदाहरणार्थ जुनी मारुती ८००, यांचा बेल्ट तुटायच्या आधी आवाज करेलच असं नाही, म्हणून तो किलोमीटर आणि वर्षं बघूनच बदलायचा, त्याला ऑइल लागू द्यायचं नाही आणि हातात पिळायचा नाही.

स्प्लेंडरमध्ये सगळं बंद करून ऑइल भरल्यावर प्लग काढूनच आठदहा किक मारा म्हणजे ऑइल वर पोचेल. मग प्लग लावा, सुरू करा, पहिला मिनिटभर बारीक खरखर आली तरी चालेल, टेन्शनरमध्ये ऑइल भरलं की ती जाते. गेली नाही तर खालचा बोल्ट सोडून दांडा अडकलाय का ते आधी बघा. दुसऱ्या दिवशी स्टेटर प्लेटच्या खाली आणि गोल झाकणाच्या कडेला बोट फिरवा, ओल लागली तर पॅकिंग नीट बसलेलं नाही.