भरती ‘तिथीच्या पाऊणपट’ येते का? चंद्राविषयीचा खाडीकाठचा प्रकल्प

चंद्रकलांची प्रतिकृती प्रत्येक विज्ञान प्रदर्शनात असतेच. ठाणे-नवी मुंबईच्या मुलांच्या दाराशी खाडी आहे. तिथे चंद्राचं गणित स्वतः तपासता येतं.

कोकणात भरतीच्या वेळेचा जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमीला ८ × ३/४, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती. कृष्णपक्षात तिथी पुन्हा १ पासून मोजायची. खरी मेख पुढे आहे. एका तिथीत चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकतो आणि तेवढं फिरायला पृथ्वीला ४८ मिनिटं, म्हणजे ४/५ तास लागतात. पाऊणपटीत ४५ च धरली आहेत. मग ३/४ बरोबर की ४/५? प्रकल्पाचा प्रश्न हाच.

वाशीगाव, सारसोळे किंवा दिवाळे जेट्टीवर मोठ्या माणसासोबत आणि विचारूनच जा. चिखलात उतरू नका. कडेची एक जागा खडूने पक्की करा. फायबर टेपला तळाशी वाळू घातलेली छोटी बाटली बांधून सोडा. बाटली तरंगली की टेप ढिली पडते, तो आकडा लिहा. अंदाजे वेळेच्या दीड तास आधीपासून दीड तास नंतरपर्यंत दर १० मिनिटांनी मोजा. लाटा असतील तर तीन मापांची सरासरी घ्या.

पाणी सर्वांत वर कधी आलं हे नजरेने ठरवू नका. माथ्यावर पाणी जवळजवळ थबकतं, वीस मिनिटांची चूक सहज होते. चढताना आणि उतरताना एकाच पातळीला पाणी कधी होतं ते पाहा: ११:०२ आणि १२:२६ असेल, तर मध्य ११:४४. माथ्याजवळच्या अशा तीन-चार जोड्या घ्या.

कॅलेंडरवरची तिथी सूर्योदयाची असते. पंचांगातल्या समाप्तीच्या वेळेवरून अपूर्णांक काढा. पंचमी अर्धी सरली असेल तर ४.५. हे टाळलं तर अख्खा आलेख विस्कटतो.

दोन्ही पक्षांतल्या मिळून किमान आठ भरत्या मोजा, पावसाळा सोडून. आडव्या अक्षावर तिथी, उभ्यावर भरतीची वेळ घ्या आणि आलेखावर दोन्ही गुणोत्तरांच्या रेषा काढा. सगळे बिंदू सारखेच वर सरकले असतील, तर त्याचं एक कारण पाणी खाडीत आत शिरायला लागणारा वेळ असू शकतं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या मुंबईच्या भरती-तक्त्याशी ताडून पाहा. बिंदू रेषेभोवती नागमोडी जातील, ते खोडू नका. सूर्याच्या ओढीमुळे उधाणाच्या दिवसांत (अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास) भरती रोज कमी मिनिटांनी पुढे जाते, भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास) तासाहूनही जास्त.