कॅरॅव्हॅन ओढायला गाडी बघायला निघण्याआधी

शोरूमची पायरी चढण्याआधी खडीचे डंपर ज्या काट्यावर वजन करतात तो काटा गाठा. कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, ठरलेली असेल तर ती भरून तिथं उभी करा. भरून म्हणजे खरोखर भरून. पाण्याची टाकी, सिलिंडर, गाद्या, भांडी आणि आईने 'असू दे गाडीत' म्हणून दिलेली तांदळाची पिशवीसुद्धा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, हे टाकी भरताना कुणाच्या लक्षात येत नाही. आमची कॅरॅव्हॅन कागदावर ७०० किलोची होती, काट्यावर ९१० भरली.

हा आकडा खिशात नसेल तर गाडीच्या गप्पा मारूच नका. ब्रिटनमधले कॅरॅव्हॅनवाले एक ढोबळ हिशेब धरतात, की भरलेली कॅरॅव्हॅन रिकाम्या गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांहून जड नसावी. म्हणजे ९१० किलोला गाडी निदान १०७० किलोची हवी. कुंभार्ली घाट उतरायचा असेल तर मी त्यावर आणखी तीन-चारशे किलो धरतो. हलकी गाडी चढाला कशीबशी ओढेलही, पण उताराला मागचं धूड तिला ढकलू लागलं की स्टिअरिंग हातात नुसतं नावाला उरतं. गाडीच्या पुस्तिकेत किती वजनाचा ट्रेलर ओढता येतो ते दिलंय का तेही बघा. नसेल तर कंपनीकडून लेखी मागा. सेल्समनचं 'आरामात ओढेल हो' धरून चालू नका.

इंजिनाची हॉर्सपॉवर मिरवायला ठीक. ओढायला लागतो तो कमी आरपीएमवरचा टॉर्क, म्हणजे इंजिन हळू फिरत असतानाचा पिळाचा जोर. बोलेरोचं दीड लिटरचं डिझेल इंजिन जेमतेम ७५ हॉर्सपॉवरचं, पण २१० न्यूटन मीटर टॉर्क १६०० ते २२०० आरपीएममध्येच देतं. खाली शिडीसारखी चेसिस, म्हणजे लोखंडी सांगाडा, ड्राइव्ह मागच्या चाकांना, मागे पाट्यांच्या कडक स्प्रिंगा. कॅरॅव्हॅन अडकवायचा टो हुक चेसिसलाच बोल्ट करता येतो, पातळ पत्र्याला नाही. माझं मत तिकडेच झुकतं. मागच्या सीटवर आजीला बसवलंत तर बोलणी मात्र तुम्ही खायची.

मन बसलेली गाडी घेण्याआधी तुमच्या फिटरकडे जा आणि तीन गोष्टी विचारा. क्लचप्लेट, वॉटर पंप आणि व्हील बेअरिंग चिपळूण-कणकवलीत आजच्या आज मिळेल का? 'मुंबईहून मागवूया, चार दिवस लागतील' असं उत्तर आलं, तर गाडी कितीही देखणी असो, सोडा. ते चार दिवस गणपतीतले निघाले की मग बसा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना काजळीचा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी सलग वेगात पळावी लागते. आपल्या सागरी रस्त्याला तीस-चाळीसच्या वर काटा जात नाही, तेव्हा महिन्यातून दोनदा तरी हायवेची फेरी धरून चला.

जुनी घेणार असाल तर सकाळच्या उजेडात स्क्रूड्रायव्हर घेऊन जा. अंगाखाली गोणपाट टाकून गाडीखाली शिरा आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चेसिस ठोकत मागपर्यंत या. आवाज ठणठणीत आला तर बरं. बद्द आला आणि लाल पापुद्रे तोंडावर पडले, तर नवा काळा रंग कशासाठी मारलाय ते कळतं. एका गाडीचा मालक शपथेवर सांगत होता, 'समुद्रावर कधी नेलेली नाही.' मागच्या मडगार्डच्या खोबणीत बोट घातलं तर मूठभर वाळू निघाली. मी वाळू त्यांच्याच ओटीवर ठेवून आलो. आपण घेतल्यावरही किनाऱ्यावरून आलो की त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने खालून धुवायची, पावसाआधी अंडरकोटिंग, म्हणजे तळाला गंजू न देणारा लेप, बघायचं.

क्लच चढावर तपासा. आमच्या पहिल्या गाडीचा मी सपाट मैदानात तपासला होता. घाटाच्या तिसऱ्या वळणावर एसटी अडली, मी हँडब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी धरून ठेवली, आणि जळका वास मागच्या रिक्षावाल्याने आधी ओळखला. उतरताना चढायला लागला असता तोच गिअर ठेवायचा. कॅरॅव्हॅनला स्वतःचे ब्रेक असतील तर ते आणि हुक सुटल्यावर ब्रेक ओढणारी तार, दोन्ही चालू हवेत.

हुकावर पडणारा भार घरीच मोजता येतो. कॅरॅव्हॅनच्या दांड्याखाली लाकडाचा ठोकळा आणि त्याखाली वजनाचा साधा काटा ठेवा. ९१० किलोला साठ-सत्तर किलो दिसले तर ठीक. कमी भरले तर मागचं सामान पुढे घ्या, नाहीतर शेपूट डुलेल. कॅरॅव्हॅनची आरटीओ नोंदणी गाडीपासून वेगळी असते, तिचे कागद वेगळ्या पिशवीत ठेवा.

उरली फेरीबोट. दाभोळ-धोपावे करायचं असेल तर टो हुक बसवलेली गाडी एकदा ओहोटीच्या वेळी, कॅरॅव्हॅन न लावता, घेऊन जा. जेट्टीचा उतार आणि बोटीची फळी जिथं मिळते तिथं हुक खाली टेकतो का ते एकाला वाकून बघायला सांगा. टेकला तर हुक वर बसवून घ्या, नाहीतर भरतीच्या वेळा पाठ करा.