फंडिंगचं पत्र येईपर्यंत काय करायचं: अमेरिकेला निघालेल्या कोकणातल्या विद्यार्थ्यांसाठी

प्रवेश आणि फंडिंग (विद्यापीठाकडून मिळणारी फीमाफी आणि पैसे) हे दोन वेगळे निर्णय असतात आणि बऱ्याचदा ते वेगवेगळी माणसं घेतात. प्रवेश समिती अर्ज बघते. टीए (शिकवण्यातल्या सहायकाच्या पगारी जागा) किती द्यायचे ते विभागाच्या बजेटवर ठरतं, आणि आरए (संशोधन सहायकाच्या जागा) प्राध्यापकाच्या ग्रँटवर, म्हणजे संशोधनासाठी मिळालेल्या निधीवर. म्हणून फेब्रुवारीत 'अभिनंदन' येतं आणि पैशाचं पत्र एप्रिल उजाडला तरी येत नाही.

आधी तुमचा कोर्स कोणता ते बघा. पीएचडीला फंडिंग सहसा प्रवेशाबरोबरच किंवा पाठोपाठ येतं, त्यामुळे थांबण्यात अर्थ असतो. एमएसला बहुतेक ठिकाणी सुरुवातीला काहीच नसतं. 'इथे आल्यावर ऑगस्टमध्ये टीएसाठी अर्ज करा' एवढंच सांगतात. त्या भरवशावर घर गहाण टाकू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. एमएसचा हिशेब शून्य फंडिंग धरूनच करा आणि मिळालं तर वरकड समजा.

कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा एक '१५ एप्रिल ठराव' आहे. त्यावर सही केलेली विद्यापीठं फंडिंग देऊ केलेल्या विद्यार्थ्याकडे १५ एप्रिलच्या आधी होकार मागत नाहीत. सह्या केलेल्यांची यादी कौन्सिलच्या वेबसाइटवर आहे. गोम अशी की ठराव फक्त फंडिंगच्या ऑफरला लागू होतो. स्वखर्चाच्या एमएसला 'मार्चअखेर डिपॉझिट भरा' म्हटलं, तर त्याआड हा ठराव येत नाही. तिथे मुदत संपायच्या आठवडाभर आधी ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला (विभागात पदव्युत्तर विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या माणसाला) मेल करून पंधरा दिवस वाढवून मागा. आधी मागितलेली मुदत पुष्कळदा मिळते. डिपॉझिट मात्र बहुधा परत मिळत नाही, त्यामुळे 'जागा धरून ठेवू' म्हणून दोन-तीन ठिकाणी भरत सुटू नका.

मुदतीची वेळ नीट वाचा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे १५ एप्रिलच्या संध्याकाळचे ५ म्हणजे आपल्याकडे १६ तारखेचे पहाटेचे २:३०. पोर्टलवर होकार १४ लाच नोंदवा. एप्रिल-मेमध्ये वळवाचा वारा सुटला की वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात, तेव्हा शेवटच्या रात्रीवर काही ठेवू नका.

मार्चच्या मध्यापर्यंत पत्र आलं नाही तर एकच मेल करा, कोऑर्डिनेटरला. प्राध्यापकाशी आधीच बोलणं झालं असेल तर त्यांनाही. चार ओळी पुरतात: तुमचा कार्यक्रम मला पहिल्या पसंतीचा आहे (खरं असेल तरच लिहा), फंडिंगचा निर्णय साधारण कधी होईल, मी प्रतीक्षायादीत आहे का, आणि दुसरीकडून ऑफर असेल तर तिची मुदत. दर तीन दिवसांनी विचारणा करू नका. दुसरी खरीखुरी लेखी ऑफर आली, तर लगेच कळवायला हरकत नाही.

प्रतीक्षायादी हलते ती १५ एप्रिलच्या आधीच्या शेवटच्या आठवड्यात, कारण दोन-तीन ऑफर हातात असलेली मुलं तेव्हाच एकेक सोडतात. तुमच्याकडे नको असलेली ऑफर असेल तर ती लवकर नाकारा, कोणाचं तरी काम होईल.

पत्र आलं की आकड्याला भुलू नका. तोंडी आश्वासन किंवा 'शक्यता आहे' एवढंच लिहिलेला कागद म्हणजे फंडिंगचं पत्र नव्हेच. शिकवणी फी पूर्ण माफ की काही टक्के? अनिवार्य शुल्क आणि आरोग्य विमा कोण भरणार? स्टायपेंड (दरमहा मिळणारे पैसे) ९ महिन्यांचा की १२? किती वर्षांची हमी, आणि नूतनीकरण कशावर? समजा, 'अ' विद्यापीठ २४,००० डॉलर ९ महिन्यांचे देतं, शुल्क १,८०० आणि विमा २,४०० तुम्ही भरायचा. उरले १९,८००, म्हणजे वर्षभर महिन्याला १,६५०. तिथे भाडं ६५० असेल तर हातात १,०००. 'ब' २७,००० देतं, १२ महिन्यांचे, विमा माफ, शुल्क ९००. महिन्याला २,१७५ पडले, पण मोठ्या शहरात भाडं १,४००, म्हणजे हातात ७७५. कर अजून धरलेलाच नाही. पहिला पगार बऱ्याचदा सप्टेंबरअखेर येतो, म्हणून दोन महिन्यांचं भाडं आणि घराची अनामत बरोबर न्यावीच लागते.

थांबण्याच्या काळातलं खरं काम म्हणजे कर्जाची कागदपत्रं, आणि कोकणात हेच सगळ्यात रेंगाळतं. सरकारी बँकांचं तारणाशिवायचं कर्ज साधारण साडेसात लाखांपर्यंत असतं. वर सहसा तारण लागतं. आंब्या-काजूची बाग शेतजमीन असल्याने बँका सहसा ती तारण घेत नाहीत. घर वाडवडिलांचं, सातबाऱ्यावर आजोबांचं नाव, खाली दहा सामाईक खातेदार, त्यातले चार मुंबईत. वारसनोंद, फेरफार, हक्कसोडपत्र यांत महिने जातात, म्हणून हे जानेवारीतच तलाठ्याकडे सुरू करा. गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उताराही काढून ठेवा. आणखी एक घोटाळा टाळा: पीएम विद्यालक्ष्मी योजना भारतातल्या निवडक संस्थांसाठी आहे, परदेशासाठी नाही.

आंब्याच्या पैशावर मदार असेल तर त्याचं गणितही जमवा. माल एप्रिल-मेमध्ये वाशीला जातो, दलालाकडून पट्टीचा (विक्रीच्या पैशाचा) हिशेब लांबत जातो. डिपॉझिटची रक्कम त्या पैशातून धरू नका.

होकार दिल्यावर आय-२० साठी (विद्यार्थी व्हिसाला लागणारा विद्यापीठाचा कागद) पहिल्या वर्षाच्या खर्चातली फंडिंगने न भरलेली रक्कम दाखवावी लागते. बँकेतली शिल्लक, मुदत ठेव, कर्जमंजुरीचं पत्र चालतं. जमीन, सोनं सहसा चालत नाही. फंडिंगची रक्कम आय-२० वर छापून आली आहे का हे तपासा. नसेल तर लगेच दुरुस्त करून घ्या, कारण व्हिसाच्या मुलाखतीत तोच कागद बघतात. त्यानंतर सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या अमेरिकी सरकारी नोंदणीची) फी भरून व्हिसासाठी मुंबईची तारीख घ्या. जूनच्या मध्यापासून कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागतं आणि गाड्या सावकाश धावतात. बायोमेट्रिकच्या आदल्या दिवशीच मुंबईत पोचलेलं बरं.