मूल अठराचं होण्याआधी: बौद्धिक दिव्यांग मुलाच्या कायदेशीर पालकत्वाची तयारी

ज्या दिवशी अठरा वर्षं पूर्ण होतात, त्या दिवसापासून कायद्याच्या लेखी मूल सज्ञान. मग त्याला स्वतःचं नाव लिहिता येवो न येवो. त्याच्या बँक खात्यावर, जमिनीच्या कागदावर तुम्ही आई-बाप म्हणून करत आलेली सही त्या दिवशी थांबते. बहुतेक घरांना हे कळतं ते थेट बँकेच्या काउंटरवर, पैशांची निकड असताना. म्हणून सतरा पूर्ण झाले की कागदांना हात घालावा.

आधी हे पालकत्व कोणासाठी, ते पाहू. राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 चार प्रकारांना लागू आहे: स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व (कायद्यात आणि जुन्या कागदांवर ‘मतिमंदत्व’) आणि बहुदिव्यांगत्व. डाउन सिंड्रोम असलेली मुलं साधारणपणे बौद्धिक दिव्यांगत्वाखाली येतात. फक्त अंध, कर्णबधिर किंवा अस्थिव्यंग असलेल्या मुलाला या पालकत्वाची गरज नाही. तो स्वतःचे व्यवहार स्वतः करू शकतो. सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व असलेलं मूलही व्यवहार समजून सही करत असेल, तर त्याच्या नावाचं खातं आईबरोबर संयुक्त ठेवलं तरी पुष्कळदा भागतं. पालकत्व घेतलं की मुलाच्या वतीने निर्णय तुम्ही घेणार. शेजाऱ्याने घेतलं म्हणून आपणही घ्यावं, असा हा कागद नाही.

आता यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) आणि दिव्यांगत्व प्रमाणपत्र बाहेर काढा आणि टक्केवारीच्या आधी वैधतेची ओळ वाचा. लहानपणी दिलेलं बौद्धिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मुदतीचं असतं, अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते आणि त्यानंतरचं प्रमाणपत्र कायमस्वरूपी मिळतं. मुदत संपत असेल तर यूडीआयडीच्या स्वावलंबन पोर्टलवर नूतनीकरणाचा पर्याय निवडा. सायबर कॅफेवाला घाईत नवा अर्ज भरून देतो. मग एकाच मुलाच्या दोन नोंदी होतात आणि दुसरी अडकून पडते. जुना 18 अक्षरी यूडीआयडी क्रमांक सोबत न्या. आधार, शाळेचा दाखला आणि प्रमाणपत्र यांवरचं नाव अक्षरशः एक हवं. आधारवर फक्त ‘ओम’ आणि दाखल्यावर ‘ओंकार’ असेल, तर आधी ते दुरुस्त करा. पंधरा वर्षांनंतरचं आधारचं बायोमेट्रिक राहिलं असेल तर तेही याच फेरीत उरकून घ्या.

नाशिक जिल्ह्यात ही तपासणी होते त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये. सुरगाणा-पेठहून येणाऱ्यांनी पहाटेची गाडी धरण्याआधी मुलाच्या दिव्यांगत्वाच्या प्रकाराचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात, ते फोनवर विचारून घ्यावं. बुद्ध्यांकाबरोबर रोजच्या जगण्यातली कौशल्यं मोजणारी व्हीएसएमएससारखी चाचणी होते आणि तिच्यातले बरेच प्रश्न पालकांना असतात: स्वतः आंघोळ करतो का, रस्ता ओलांडतो का, सुट्टे पैसे मोजतो का. इथे आई अभिमानाने “सगळं करतो हो” म्हणते, आणि टक्केवारी खाली येते. वाढवून सांगू नका, झाकूही नका. शर्ट घालतो, पण बटणं कोणीतरी लावावी लागतात; दुकानात जातो, पण उरलेले पैसे मागत नाही: असं सांगा. मोजदाद होते ती याच फरकाची. निर्णय मान्य नसेल तर 90 दिवसांच्या आत अपील करता येतं.

पालकत्वाचा अर्ज ‘नमुना अ’मध्ये असतो आणि तो स्थानीय स्तर समितीकडे जातो. समितीचे प्रमुख जिल्हाधिकारी. शिवाय नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. आई-वडील एकत्र अर्ज करू शकतात. एकजण हयात नसेल, घटस्फोट झाला असेल किंवा सोडून गेला असेल, तर दुसरा एकटा करतो, मात्र त्याचा पुरावा जोडावा लागतो. भाऊ-बहीण, इतर नातेवाईकही अर्ज करू शकतात. मुलगी असेल तर एक नियम ध्यानात ठेवा: एकट्या पुरुषाला तिचा पालक नेमत नाहीत. विवाहित काका किंवा मामा असेल तर त्याला पत्नीबरोबर सहपालक करतात, आणि त्यात मुख्य पालक पत्नी असते.

कायद्यानुसार समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा बसायचं असतं. त्यामुळे एक झेरॉक्स कमी पडली तरी अर्ज पुढच्या तिमाहीवर जाऊ शकतो. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज देताना आपल्या प्रतीवर पोच, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

बँकेत “कोर्टाचाच आदेश आणा” असं सांगतात. समितीचं पालकत्व प्रमाणपत्र चालतं, हे रिझर्व्ह बँकेने 2007 मध्येच परिपत्रक काढून कळवलं आहे. तोंडी वाद घालू नका. नकार लेखी मागा; बहुतेक वेळा तिथेच काम होतं.

निफाड-दिंडोरीकडच्या शेतकरी घरांत खरी गाठ सातबाऱ्यावर बसते. आजोबा गेल्यावर वारस म्हणून नातवाचं नाव लागतं, पुढे ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, आणि आईचं नाव. अठरानंतर तो शेरा कमी करायचा अर्ज ‘ई-हक्क’ या सरकारी संकेतस्थळावर किंवा तलाठ्याकडे करता येतो. पण पालकत्वाचं प्रमाणपत्र हाती येण्याआधी ती घाई करू नका. शेरा गेला की खातेदार म्हणून मुलाचं एकट्याचं नाव उरतं आणि पीककर्जाला सोसायटी त्याचीच सही मागते. द्राक्षबागेची छाटणी काही कोणासाठी थांबत नाही. अशी जमीन विकायचा विचार असेल तर इसार घेण्याआधी वकील गाठा.

प्रमाणपत्र मिळालं की काम संपलं असं नाही. नेमणुकीपासून सहा महिन्यांत मुलाच्या स्थावर मालमत्तेची आणि इतर येण्या-देण्याची यादी द्यायची, आणि दरवर्षी 31 मार्चनंतर तीन महिन्यांत हिशेब. पेन्शनचे पैसे घरखर्चाच्या खात्यात मिसळले की हा हिशेब लागत नाही, म्हणून मुलाचं खातं वेगळंच ठेवा. हिशेबात अफरातफर किंवा मुलाची आबाळ झाली तर पालक बदलण्याची मागणी समितीकडे करता येते, मग तो पालक सख्खा भाऊ का असेना.

याच कागदांवर राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ आरोग्य विम्याचाही अर्ज करून टाका. वर्षाला 1 लाखापर्यंतचं संरक्षण आहे आणि आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. आई किंवा वडील सरकारी नोकरीत असतील तर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी मुलाचं नाव आणि दिव्यांगत्व हयातीतच कार्यालयात नोंदवा.

वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. दिव्यांग व्यक्तीला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. 15100 वर फोन करूनही चौकशी करता येते. अर्ज मुलाच्या नावाने करा, स्वतःच्या नव्हे.